चौसष्टाच्या जागी बत्तीस

शनिवार, ४ मार्च

सरळ अक्षरांत पत्र पाठवायला या पोरीचा हात मोडतो का, हे मला कुणीतरी सांगावं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसतं कोंबडीनं उकरल्यासारखं. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मध्येच आकडे, श्वास घ्यायला कुठे जागा नाही, आणि शेवटी बरोबरच्या दोन खुणा, जणू सगळं बरोबरच चाललंय.

ही वही माझ्या मुलीच्या, नेरेइदाच्या फार्मसीतली आहे, पुढे औषधांच्या याद्या, मागची पानं कोरी. मी रोज लिहिणारी बाई नाही. पंधराव्या वर्षी लिहायला शिकले आणि तेव्हापासून जेवढं लागलं तेवढंच लिहिलं. पण मनात ठेवून ठेवून माझं पित्त वाढलंय आणि पित्तावर घ्यायला आमच्या काईबारिएन गावात चिमूटभर सोडा मिळत नाही. म्हणून इथे लिहिते.

दर शनिवारी आर्खेलिओ सायकलवरून येतो, आठवड्याच्या टीव्ही मालिका घरोघर उतरवून देतो. माझ्या नातीचं, याइमाचं पत्र त्याच्याच पेनड्राइव्हमधून येतं. चौकात वायफाय लागतं तिथे तो ते उतरवून घेतो आणि आमच्या मशीनमध्ये टाकून देतो. सोमवारी चारला परत येतो, माझं उत्तर घेऊन जातो. आज म्हणाला, "वहिनी, ही काय रशियन भाषा का? मी डोळे फाडफाडून बघितलं, एक शब्द लागला नाही."

"तुम्ही बघू नये म्हणूनच तशी लिहितात, आर्खेलिओ."

"छे, मी कशाला बघू," म्हणाला, आणि कॉफी संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसला.

याइमा परदेशात, माँतेविदेओला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिकडे जायच्या आधी ती इथल्या कॉम्प्युटर क्लबात शिकवायची. तिथून मोडीत काढलेले तुकडे आणून तिने हे मशीन जोडलं. त्याला उंदीर नाही, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि आपण लिहायचे हुकूम. जाताना भिंतीवर कागद चिकटवून गेली. उघडायचं असेल तर बेस चौसष्ट, मग आडवी रेघ, मग डी, मग पत्राचं नाव. बंद करायचं असेल तर रेघ आणि डी गाळायचं. आणि परत परत लिहायचा कंटाळा आला तर वरचा बाण दाबायचा, आधीचा हुकूम आपोआप येतो. खाली लिहिलंय, "आजी, हे कुलूप नाही. वाटेत पत्र फाटू नये म्हणून गुंडाळलेला कागद आहे." असू दे. आर्खेलिओला उघडत नाही म्हणजे माझ्या लेखी कुलूपच. पण कागद इतका उंच चिकटवलाय की मला स्टुलावर चढावं लागतं. क्लबात शिकवत होती म्हणे. आजीची उंची किती एवढं तिला समजू नये.

पत्र उघडलं. पोटातलं मूल पायाळू आहे. सत्तावीस मार्चला पोट कापून काढणार. भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. "आजी, माझ्या वेळी आईला काहीतरी झालं होतं ना? तिने मला कधीच सांगितलं नाही. समोरच्यांकडे मी तीनदा फोन केला, आई आली नाही. तू विचार." मग दोन परिच्छेद तिथल्या फार्मसीवर. कुठल्या फळीवर काय असतं, कुठली औषधं दारातच मांडलेली असतात. मला त्या फळ्यांचं काय करायचंय?

रविवार, ५ मार्च

नेरेइदाला विचारलं. नाव न घेता. म्हटलं, कोपऱ्यावरच्या बाईच्या मुलीचं पोट कापणार आहेत, तुझ्या वेळी भुलीचं काय झालं होतं गं?

नेरेइदा कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "कोपऱ्यावरच्या बाईला दोन मुलगे आहेत."

"मग सुनेचं."

"आई, त्या पोरीचं नाव या घरात नको, म्हणजे वळसा घालूनही नको." आणि उशीचा अभ्रा असा झटकला की फट् आवाज आला.

माझी मुलगी सत्तेचाळीस वर्षांची आहे. डॉक्टर लोक कागदावर मुंग्या सोडतात आणि ही फार्मसीच्या खिडकीतून एका नजरेत वाचून गोळ्या देते. पण स्वतःच्या मुलीचं पत्र वाचायला सांगितलं की हिला अक्षरओळख नाही.

सोमवार, ६ मार्च

उत्तर लिहिलं. मला आठवतं तेवढं. चौऱ्याण्णवचा ऑगस्ट, हॉस्पिटलात वीज नाही, पोर काढली आणि आई उठेना. एक नर्स हाताने रबराची पिशवी दाबून तिला श्वास देत होती, ती दमली की दुसरी. दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. एवढंच.

मग बंद करायची वेळ आली. चौसष्ट लिहायला बोट पुढे गेलं आणि थांबलं.

एरवी मी नुसती ख्यालीखुशाली पाठवते, तेव्हा लिहून टाकते. आज कसं लिहू? माझा नवरा एलेउतेरिओ वीस वर्षं लपूनछपून जुगाराचा आकडा घ्यायचा, आणि त्यात प्रत्येक आकड्याला एक नाव. एक घोडा, दोन फुलपाखरू, तीन खलाशी, पाच जोगीण, आठ मुडदा. शंभरच्या शंभर मला पाठ आहेत. आणि चौसष्ट म्हणजे मोठा मुडदा. पोरगी टेबलावर आडवी होणार आणि मी तिच्या पत्राच्या डोक्यावर मोठा मुडदा बसवू? शिकलेल्या माणसांना असलं काही वाटत नाही. म्हणून तर ती शिकलेली माणसं पायरीवर ठेचकाळतात.

चौसष्टाच्या जागी बत्तीस लिहिलं. बत्तीस म्हणजे डुक्कर. लठ्ठ, भाग्याचं, घर भरणारं. मला वाटलं मशीन हुज्जत घालेल. त्याने मुकाट्याने घेतलं. सगळी अक्षरं मोठी मोठी आली, जुन्यापेक्षा किती नीटनेटकी. आर्खेलिओला दिलं.

गुरुवार, ९ मार्च

दोन दिवस काळ्या घेवड्यात जिरं जास्त पडतंय. नेरेइदाला म्हटलं, हात बधिर झाला का? म्हणाली, असंच खावंसं वाटलं. याइमाच्या पत्रात होतं की तिकडे घेवड्यात कुणी जिरं घालत नाही, जिभेला चव राहिली नाही. आई-मुलीचं तोंड एकच. एकीला तिकडे मिळत नाही आणि दुसरी इकडे ओतते आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सोड्याची पुडी सापडली. फार्मसीत आला असेल माल.

शनिवार, ११ मार्च

आर्खेलिओ आला. मालिकेतली नर्स खरी मुलगी कुणाची ते आधीच सांगून टाकलं. मेल्याला वाटतं आपण उपकार करतो.

पत्राच्या वरच्या भागात याइमा वैतागलेली. "आजी, काय पाठवलंस? उघडलं तर सगळा कचरा. मंगळवारपासून डोकं फोडतेय. परत पाठव." खाली दोन दिवसांनी लिहिलेलं, "नको पाठवूस. बसमधून जाताना एकदम लक्षात आलं. डुक्कर. तू मोठा मुडदा लिहिणार नाहीस. तिथेच फोनवर बत्तीसने उलटवलं आणि तू समोर येऊन बसलीस. बसमधली माणसं बघत होती, मी एवढी हसले."

हसली ते ठीक. पण तीन दिवस माझ्यामुळे गेले.

पुढे हसण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाला, "उठली नाही" एवढ्यावर भागत नाही. एक औषध असतं, अंग सैल करणारं. काहींच्या रक्तात ते विरघळतच नाही, मग श्वासाचे स्नायू तासन् तास पडून राहतात, आणि हे आईकडून मुलीकडे येतं. तसं असेल तर ते औषध द्यायचं नाही, दुसरं द्यायचं. पण नक्की तेच होतं का? आईच्या त्या वेळच्या हॉस्पिटलच्या कार्डावर औषधाचं नाव असेल. आणि आईला त्या वेळी कसं वाटत होतं, तेही त्याला हवंय. तपासणी करतात, पण निकाल यायला महिना लागतो. "कळा आधी सुरू झाल्या तर त्यांना विचार करायला वेळ नसेल, आजी."

याही पत्रात फार्मसी. त्यांच्या खिडकीत बसायला उंच खुर्ची असते म्हणे, गुडघे दुखत नाहीत.

रविवार, १२ मार्च

आज वळसा घातला नाही. नेरेइदा तांदूळ निवडत होती. समोर बसले आणि सगळं सांगितलं. पायाळू, सत्तावीस तारीख, औषध, कार्ड. मला वाटलं ती दचकेल. दचकली नाही. खडे काढत राहिली.

मी म्हटलं, "तुझ्या पोरीचा जीव आहे."

"माझी पोर?" म्हणाली. "ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिला काय म्हणाले माहितीये? जाताना दार ओढून घे. मी कामावर जात होते. तू तिथे उभी होतीस, हातात कॉफी होती. तुला माहीत होतं की ती दुपारी जाणार. तू मला फाटकापर्यंत जाऊ दिलंस."

"तिनेच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून. तू तिला जाऊ दिलं नसतंस."

"मग नसतं दिलं. निदान तिच्याकडे बघून तरी बोलले असते." मग ताट बाजूला सारून म्हणाली, "तुझी ती जुनी खोड आहे, आई. मी पडले की तू पोर उचलतेस."

मी म्हटलं, हे कुठून काढलंस?

"त्या दिवशी मी झोपले नव्हते. पोर काढल्यावर थोड्या वेळाने मला जाग आली. डोळा उघडत नव्हता, बोट हलत नव्हतं, श्वाससुद्धा ती नर्स देत होती, पण मला सगळं ऐकू येत होतं. रात्र आहे का दिवस तेही ठाऊक नाही. तू आलीस. तू काय बोललीस ते मी ऐकलं."

उठून मागच्या अंगणात गेली. तांदूळ मी निवडले. तिने खडे टाकले होते की तांदूळ, ते मला नीट दिसेना. दुपारी डोळ्यांवर झापड येते आजकाल.

सोमवार, १३ मार्च

शहाण्या माणसाने एवढं तरी लिहून टाकावं.

त्या दिवशी हॉस्पिटलात मी तिच्या खोलीत गेले. पिशवी दाबणारी नर्स म्हणाली, बघू या काय होतं. मी नेरेइदाचा चेहरा बघितला, मेणाचा. मी म्हणाले, "ही गेली. पोरीचं मी बघते." रडून म्हणाले नाही, साध्या आवाजात म्हणाले, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. आणि बाळ उचलून घरी आले. चार माणसांत कुणीतरी ताठ उभं राहायला हवं होतं म्हणून मी उभी राहिले, अशी माझी तेवीस वर्षं समजूत. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा बाळ माझ्या कुशीला लागलेलं होतं. पुढेही ते तसंच राहिलं. मी कधी परत दिलं असं मला आठवत नाही.

याइमाला उत्तर पाठवलं, दोन ओळी, बत्तीस लावून. "कार्ड शोधते आहे. तुझी आई सांगत नाही, त्यात माझी चूक आहे, तुझी नाही."

बुधवार, १५ मार्च

कार्ड सापडलं. कुठे, तर कॉफीच्या डब्यात, कॉफीच्या वर. रविवारपासून मी कपाटं उपसते आहे, गादीखाली हात घातला, संतांच्या तसबिरीमागे बघितलं, आणि हे ज्या डब्याला मी रोज सकाळी सर्वांत आधी हात लावते त्यात. काल नव्हतं. नेरेइदाचा निष्काळजीपणा वाढत चाललाय. कॉफीचा वास लागलाय कागदाला.

तांबड्या शाईत तीन ओळी आहेत. मला एक अक्षर लागत नाही.

गुरुवार, १६ मार्च

चष्मा लावून, भिंग घेऊन, उन्हात धरून. पहिलं अक्षर एस असावं, किंवा नुसता फराटा. मध्ये चार टेकड्या. शेवटी ए की ओ? जसं दिसतंय तसं लिहून पाठवावं असं दोनदा मनात आलं. मशीनमध्ये एक अक्षर चुकलं तर ते लगेच सांगतं, चूक आहे, परत लिही. डॉक्टरला मी चार टेकड्यांच्या पाच केल्या तर त्याला कोण सांगणार? तो माझ्या टेकड्या वाचून भलतंच बाजूला ठेवील आणि नको तेच टोचील.

नेरेइदासमोर कार्ड मुद्दाम टेबलावर ठेवलं. तिने त्यावर बशी ठेवली नाही, बाजूला ठेवली. 

शनिवार, १८ मार्च

आर्खेलिओ लवकर आला, घाईत होता. पत्र उतरवून गेला. मी स्टुलावर चढायचा कंटाळा केला आणि वरचा बाण दाबला. माझा सोमवारचा हुकूम यायला हवा होता, डुकराचा, बंद करायचा.

आलं ते डुक्कर. पण त्याच्यापुढे आडवी रेघ आणि डी.

मी डुक्कर उघडत नाही. डुक्कर फक्त मी बंद करते. इकडून जाणारी पत्रं बत्तीस, तिकडून येणारी चौसष्ट. या मशीनवर बत्तीस उलटवायचं मला कधी कारणच पडलेलं नाही. आणि त्या ओळीच्या शेवटी माझ्याच सोमवारच्या पत्राचं नाव, ज्यात मी "तुझी आई सांगत नाही" असं लिहिलं होतं.

आधी वाटलं आर्खेलिओ. पण आर्खेलिओला उघडता आलं असतं तर गावाला आमच्या घेवड्यातलं जिरंसुद्धा कळलं असतं. आणि ते डुक्कर ओळखायचं तर आधी मला ओळखावं लागतं.

बाण दाबत गेले. वर, वर, वर. प्रत्येक पत्र दोनदा उघडलेलं. मी एकदाच उघडते, मला दुसऱ्यांदा डोळे नाहीत. एकदा मी, एकदा कुणीतरी. बोट दुखेपर्यंत दाबलं. अगदी पहिल्या पत्रापर्यंत, सव्वा वर्षामागच्या. त्या वेळी नेरेइदाने तीन दिवस जेवण सोडलं होतं आणि मला म्हणाली होती, तुझी ती पत्रं माझ्यासमोर उघडू नकोस. समोर नको म्हणाली होती, बाई शब्दाला पक्की आहे. मी पावाच्या रांगेत असते तेव्हा तिची दुपारची सुट्टी असते.

एलेउतेरिओचे आकडे पोलिसांना कळू नयेत म्हणून आम्ही घोडा, जोगीण म्हणत राहायचो. आणि कोपऱ्यावरचा पोलिस यायचा आणि कानात म्हणायचा, माझं खलाशावर लाव. सगळ्या गावाला येत होतं ते. आम्हीच आपले कुजबुजायचो.

आजचं पत्र उघडलं. छोटं आहे. बाळ तसंच उलटं. गुरुवारी डॉक्टरला कागद द्यायचा आहे. "आईला रागावू नकोस, आजी. औषधाचं नाव नाही मिळालं तरी मी ठीक राहीन, तिला सांग." खाली फार्मसीबद्दल एक ओळ. समोरच्या फार्मसीतली खिडकीतली बाई सुट्टीवर गेली आहे, खुर्ची रिकामी दिसते. या फळ्या-खुर्च्या मला लिहिलेल्या नव्हत्याच.

रविवार, १९ मार्च

नेरेइदा,

सोड्याची पुडी मिळाली. पोटाला आराम आहे. सोडा नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीत लिहिलं होतं. तेव्हा आपल्याला काही ठाऊक नाही असं दाखवत उगाच वरच्या फळीकडे बघू नकोस, हे पान तुलाच आहे.

तू वाचतेस त्याला माझी हरकत नाही. माझ्या वहीत डोकावलीस त्याबद्दल एरवी तुला चार शब्द ऐकवले असते, पण ज्या घरात मी तुझं तोंड न बघता तुझी मुलगी पाठवून दिली तिथे मला कुलपांबद्दल बोलायचं तोंड नाही. सोमवारचं पान वाचलंच असशील. ते मी तुझ्या देखत बोलले असते का, माहीत नाही. लिहिताना आलं.

कार्ड मशीनवर ठेवलं आहे. तांबड्या ओळी मला लागत नाहीत, कुणालाच लागणार नाहीत, तुला लागतील. आणि तू जागी होतीस, ऐकू येत होतं, हलता येत नव्हतं, हे त्या डॉक्टरला हवं आहे आणि ते कार्डावर नाही. ते फक्त तुझ्याजवळ आहे. मी काय बोलले तेही लिहायचं असेल तर लिही, डॉक्टरला त्याचा उपयोग नसला तरी याइमाला कळलेलं बरं.

भिंतीवरचा कागद खाली घे असं सांगणार होते, मान दुखते. राहू दे तिथेच. मला आता लागत नाही.

आर्खेलिओ उद्या चारला येईल. मी तीनपासून पावाच्या रांगेत असेन, तिकडून सरळ मासळीकडे जाईन, सहाच्या आत येणार नाही. चौसष्ट लाव, बत्तीस लाव, नाहीतर काही न गुंडाळता उघडं पाठव आणि आर्खेलिओला वाचू दे, त्याची सव्वा वर्षाची खाज तरी मिटेल. ते तुझं तू बघ.

पण मी एक अक्षर लिहिणार नाही, आणि या खेपेला पोर उचलायला मी पुढे होणार नाही. उत्तर तू द्यायचं आहेस.